रात्रीचा ताळा

उत्तर बरोबर आलं म्हणून मुलगा खाली बसायला लागला, की सर त्याला उभाच ठेवायचे. "ताळा केलास?" भागाकाराचा उलटा गुणाकार करून मूळ आकडा परत येतो का ते बघायचं, म्हणजे ताळा. तो केल्याशिवाय सरांच्या लेखी कुठलंच उत्तर खरं नसायचं, मग ते फळ्यावरचं असो नाहीतर माणसाच्या तोंडातलं. पोरं त्यांना मागून 'भिंग' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं, तेही माहीत होतं.

सकाळी ते पेठेतल्या दूध कट्ट्यावर जायचे. तिथं म्हैस डोळ्यांदेखत पिळून देतात, तरी गवळ्याला ते आधी चरवी पालथी करून दाखवायला लावायचे. तळाशी पाण्याचा थेंब नको. गवळी वीस वर्षं न बोलता चरवी पालथी करत आला होता. गॅसची टाकी आली की जिन्याखाली टांगलेल्या काट्याला ती लागायची. घरी एक वर्तमानपत्र यायचं आणि दुसरं ते शेजाऱ्याकडं जाऊन वाचायचे, बातमी जुळते का बघायला. जुळली नाही तर दोन्ही खोटी, आणि जुळली तर दोघांनी मिळून ठरवलंय.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चंदगडहून आलेली मी, शहर नवं, आणि पहिल्याच सहामाही परीक्षेत माझी नि त्यांची एका वर्गावर नेमणूक झाली. शेवटचा अर्धा तास राहिला असताना आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. बाथरूमला जायचं होतं. सरांनी तिच्याकडं न बघता सांगितलं की शेवटच्या अर्ध्या तासात लागणारी लघवी पुस्तकातली असते. मुलगी बसली. दहा मिनिटांनी तिनं पुन्हा हात वर केला, तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. सरांनी मला अडवलं नाही. संध्याकाळी हेडमास्तरांच्या टेबलावर माझ्याविरुद्धची चिठ्ठी होती, वेळेसकट. गेल्या अकरा वाजून बारा मिनिटांनी, आल्या अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी, सात मिनिटं कशाला लागली याचा खुलासा व्हावा.

अशा माणसाच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला मी गेले नसते. पण पुढं माझं लग्न झालं, नवऱ्याची नोकरी गोव्यात, माझी इथं. एकटीदुकटी बाई म्हणून दोन ठिकाणी नकार मिळाला. तेव्हा सरांच्या बायकोनंच, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू, भाजीच्या गाडीजवळ मला गाठून सांगितलं की माडी रिकामी आहे. सर निवृत्त होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. त्यांनी माझी कागदपत्रं घेतली, नवऱ्याची घेतली, आणि लग्नाचा फोटो मागितला. फोटोतला माणूस आणि आधार कार्डावरचा माणूस एकच आहे का, हे त्यांनी दोन्ही खिडकीशी धरून पाहिलं. "मिशी न्हाय हितं," असं म्हणाले आणि किल्ली दिली.

घर लहान होतं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाहेरून माडीचा जिना, जिन्याखाली संडास-बाथरूम. माडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाची पावलं बरोबर त्या बाथरूमच्या दारावरून वाजायची.

पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की सर रात्री झोपत नाहीत. कधीही जाग आली तरी जिन्याखाली बॅटरीचा उजेड हलत असायचा. तो कधी माझ्या पायऱ्यांवर पडायचा, कधी पाण्याच्या टाकीवर, कधी वर माझ्या खिडकीवर. नवरा शनिवारी शेवटच्या गाडीनं यायचा. त्याला घरी पोचायला एक तरी वाजायचा, आणि दर शनिवारी जिन्याच्या तोंडाशी सर हातात बॅटरी घेऊन उभे असायचे. बोलायचे काही नाहीत. तोंडावर उजेड टाकायचे, बघायचे आणि आत जायचे. नवरा हसून सोडून द्यायचा. मला हसू येत नव्हतं. मला अकरा वाजून बारा मिनिटांची चिठ्ठी आठवायची.

सकाळी मग तक्रार यायची. रात्री तुमच्या टाकीचा आवाज येत होता. रात्री तुमचा दिवा चालू होता. मी वह्या तपासत बसते म्हटलं तर कुठल्या इयत्तेच्या, असं विचारायचे. स्वतःची झोप गेल्याचं मात्र कधी बोलायचे नाहीत. उलट राग काकूंच्या झोपेवर. "ह्या बाईची झोप बगा. नगारा वाजवला तरी उठायची न्हाय," असं ते माझ्यादेखत म्हणायचे, आणि त्यात हेवा असायचा. काकू पोळपाट पुसत राहायच्या.

काकू बिद्रीकडच्या. शिक्षण सातवीपर्यंत. तिकडच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असं बोलायच्या. दुपारी कधी मी लवकर आले तर त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या बसल्या पेंगत असायच्या. हातात निवडायची मेथी, मान खाली. मी हाक मारली की दचकून म्हणायच्या, "झोपलो नव्हतो, डोळं मिटलं हुतं नुसतं." रात्रभर ढाराढूर झोपणारी बाई दुपारी इतकी का पेंगते, हे कोडं मला पडायला हवं होतं. पडलं नाही. माझा सगळा संशय सरांवर खर्च होत होता.

आणि तसा संशय यावा असंच त्यांचं वागणं होतं. संध्याकाळी मी चहा दिला तर ते कपाकडं बघायचे, वास घ्यायचे आणि तसाच खाली ठेवायचे. काय घालून दिलाय म्हणून बघतात की काय, असं मला वाटायचं. दुपारी तीननंतर ते कुणाकडं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. पुण्याला त्यांची मुलगी होती. ती बोलवून बोलवून दमली, पण सर एका रात्रीसाठीही गेले नाहीत. भाचीचं लग्न वारणानगरात होतं, तिथून संध्याकाळीच परत आले, हळदीच्या कपड्यांत काकूंनाही घेऊन. लोक म्हणायचे, जावयावर विश्वास नाही, पाव्हण्यांवर नाही, घराच्या कुलपावर नाही. मीही तेच म्हणायचे.

एके रविवारी सकाळी नवरा जिना उतरत होता. बाथरूमच्या दाराशेजारी खिळ्याला एक डायरी सुतळीनं टांगलेली त्याला दिसली, पेन्सिल बांधलेली. त्यानं ती उघडली आणि मला खाली बोलावलं.

पानापानावर तारीख, वार आणि वेळा होत्या. बारा चाळीस. दोन दहा. तीन पस्तीस. चार पन्नास. काही वेळांपुढं बारीक अक्षरात शेरे. 'वर दिवा.' 'टाकीचा आवाज.' 'कुत्रं.' आणि प्रत्येक शनिवारी, एक किंवा सव्वा एकच्या पुढं, 'जिन्यावर पाऊल.'

 नवऱ्याचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. तो म्हणाला, ही वही घेऊन आत्ताच्या आत्ता विचारायचं आणि आजच खोली सोडायची. आम्ही दोघं सरांच्या दारात गेलो. ते पेपर वाचत होते. नवऱ्यानं डायरी त्यांच्यापुढं धरली आणि विचारलं, माझी बायको कधी दिवा लावते, मी माझ्या घरी कधी येतो, हे तुम्ही कुणासाठी लिहून ठेवता?

सरांनी डायरी घेतली. पेपर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव होता, आणि मला त्याचं समाधान वाटलं, हे कबूल करते.

"ते तुमचं न्हाय," ते म्हणाले. "माझं हाय. मी उठतो त्या येळा हैत त्या."

नवऱ्यानं विचारलं, एवढ्या वेळा कशाला उठता. सर अंगणाकडं बघत राहिले. शेवटी आतून, भाकरी थापता थापता, काकूंचा आवाज आला.

"लघवीला उठत्यात. पाच-पाच येळा. सांगा की, लाजतासा कशाला."

 तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज झाला. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले. तीन वर्षं झाली होती. पहिल्यांदा दोनदा, मग तीनदा, आता पाच. एकदा उठलं की झोप येत नाही, येते तोवर पुन्हा उठायची वेळ. परक्या घरात अंधारात पाच वेळा दार उघडायचं, पाणी टाकायचं, सगळ्यांना जाग आणायची, म्हणून मुलीकडं जायचं बंद केलं. पाणी तोडलं, चहा तोडला. तरी आकडा कमी होईना.

"कशानं जाग येती ते शोधायलोय," ते म्हणाले. "तुमच्या दिव्यानं येती का टाकीच्या आवाजानं, आणि जाग आली म्हणून लघवी लागती? का लघवी लागती म्हणून जाग येती? एक समीकरण आणि दोन अज्ञातं. सुटंना झालंय."

शनिवारी जिन्याच्या तोंडाशी ते आमच्यासाठी उभे नसायचे. ते बाथरूमला म्हणून बाहेर आलेले असायचे आणि नवऱ्याचं पाऊल वाजलं की लाजून बॅटरी त्याच्याच तोंडावर मारायचे. आम्ही खोली सोडली नाही. पण माझ्या मनातला काटा लगेच निघालाही नाही. पुढचे काही दिवस मी वर दिवा लावताना खाली कुणी लिहीत असेल, हे विसरू शकत नव्हते. आणि जिना उतरताना ती आठवीतली मुलगीही आठवायची. मला वाटतं त्यांनाही आठवत असावी, कारण एकदा जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "बाई, धरून ठिवायला येत न्हाय वो," आणि निघून गेले.

मी त्यांना डॉक्टरकडं जा म्हटलं. ते म्हणाले, डॉक्टर आधी तपासण्या लिहितात आणि मग आजार शोधतात. वयानं प्रोस्टेट वाढते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि डॉक्टर कापायचंच म्हणणार, हेही ठाऊक होतं. मग एका सकाळी कट्ट्यावर, गवळी चरवी पालथी करून दाखवत असतानाच, त्यांना चक्कर आली आणि ते खाली बसले. गवळ्यानंच त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तोंड उघडलं. काकूंना म्हणाला, सर पाणी पीत नाहीत का, ओठ बघा कसे सुकलेत.

त्या दिवशी मी रजा टाकली, आणि काकू नि मी त्यांना डॉक्टरबाईंकडं घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होत्या, हे सरांना आवडलं नाही. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र उभं राहून वाचलं. डॉक्टरांनी मात्र सरांची डायरी बघितली आणि खूश झाल्या. इतकी नीट नोंद आपल्याकडं कुणीच आणत नाही, म्हणाल्या. फक्त एक आकडा कमी होता, प्रत्येक वेळी किती होते तो. त्यांनी मापाचं भांडं घेऊन मोजायला सांगितलं, पाणी तोडू नका म्हणून बजावलं, रक्त तपासलं, प्रोस्टेट तपासली. ती थोडी वाढली होती, पण पाच वेळा उठवण्याएवढी नव्हती. साखर बरोबर होती. सरांच्या चेहऱ्यावर, आता काय सांगणार, असा भाव होता.

मापाचं भांडं मी आणून दिलं. सरांनी आधी त्यात लिटरभर दुधाची पिशवी ओतून खुणा बरोबर आहेत का ते पाहिलं. पिशवी कमी भरली. मग पिशवी खोटी की भांडं खोटं, यात एक दिवस गेला. पण आठवड्यानं आम्ही आकडे घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी ते बघून मान हलवली. थोडी थोडी होत असती तर मूत्राशयात दोष म्हटला असता, त्या म्हणाल्या. ही दर वेळी भरपूर होते. म्हणजे शरीर रात्रीच जास्त लघवी तयार करतंय. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घोरता का?"

"न्हाय," सर म्हणाले.

डॉक्टरांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "मला झोप लागती," त्या म्हणाल्या. "मला काय कळणार."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत काही माणसांचा घसा मिटतो, श्वास अडतो. हृदयावर ताण येतो, आणि शरीरात पाणी जास्त झालंय असं समजून हृदय मूत्रपिंडाला ते बाहेर काढायचा निरोप देतं. श्वासासाठी माणूस अर्धवट जागा होतो, आणि जागा झाला की भरलेली लघवी कळते. तो समजतो, लघवीनं उठवलं. "तुमच्या समीकरणात तिसरं अज्ञात असू शकतं," असं त्या हसून म्हणाल्या. तपासणी करायला हवी, पण त्याआधी एक रात्र मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून बघा.

रिक्षात सर म्हणाले की ही बाई हुशार आहे, आणि हुशार माणसापासून जास्त जपायला पाहिजे. ती तपासणी करणाऱ्या मशिनवाल्याचं नि तिचं काही असणार. आपण घोरत नाही, चाळीस वर्षांत बायकोनं कधी तक्रार केलेली नाही, हा पुरावा. काकू बाहेर बघत होत्या.

पण ताळा घ्यायचा राहिला, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. त्या रात्री त्यांनी मला खाली बोलावलं. मोबाइल चार्जरला लावून एका स्टुलावर ठेवला होता. रेकॉर्डिंग सुरू करून त्यांनी तो पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला, खोक्याला भोकं पाडली होती, आणि प्रश्नपत्रिकेच्या गठ्ठ्याला लावतात तशी खोक्यावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली. रात्रीत कुणी दुसऱ्याचं घोरणं आत घालू नये म्हणून. काकू कॉटवर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, दमल्या असतील.

सकाळी सहाला सरांनी वर येऊन दार वाजवलं. पट्टी शाबूत आहे हे मला दाखवलं, आणि मगच फोडली. आम्ही खुर्च्यांवर बसलो. काकू स्वयंपाकघरात होत्या.

पहिला अर्धा तास नुसता पंख्याचा आवाज होता. सर माझ्याकडं विजयानं बघायला लागले. मग घोरणं सुरू झालं. साधं नव्हतं ते, लाकूड कापल्यासारखं, चढत जाणारं. सर म्हणाले, "हे कुणाचं हाय?"  आवाज चढत गेला आणि एकदम तुटला. पूर्ण शांतता. श्वास नाही, काही नाही.

आणि त्या शांततेत एक बारीक आवाज आला. जप करतात तसा.

"एक. दोन. तीन. चार."

सरांनी मोबाइल कानाशी नेला.

"अकरा. बारा. तेरा." आवाज काकूंचा होता. विसाच्या पुढं तो जरा भराभर झाला. "एकवीस, बावीस, तेवीस." मग बांगड्या वाजल्या. "अहो. वळा की जरा. अहो." आणि मग जोरात एक श्वास, बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा. थोड्या वेळानं चपलांचा आवाज, कडी, दार. सर बाथरूमला गेले होते. त्या मधल्या वेळात खोलीत एकटीनं टाकलेला एक मोठा उसासा ऐकू आला. दार पुन्हा वाजलं, चपला आल्या, आणि सरांचाच आवाज, दटावणीचा: "झोपलीस?" उत्तर नाही. मग हळूहळू पुन्हा तेच घोरणं, पुन्हा तुटणं, पुन्हा "एक. दोन. तीन."

सर मोबाइल पुढं सरकवत गेले. एक वाजता काकू मोजत होत्या. अडीच वाजता मोजत होत्या. चारला एकदा त्यांचा आवाज चुकला, अठराच्या पुढं वीस आलं. स्वतःच थांबून त्यांनी एकोणीस म्हटलं.

ताळ्यासाठी शेकडो मुलांना उभं ठेवलेला तो माणूस माझ्यासमोर मोबाइल हातात धरून बसला होता. मी उठले. मला तिथं बसायचा हक्क नाही, असं वाटलं. पण दारापर्यंत जायच्या आत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले होते.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी गॅस बारीक केला. "लई दिस झालं. पाच-सहा वर्सं असतील."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं हुतं की. पयल्यांदा. तुमी म्हणालासा खोटं बोलतीस, आणि म्हैनाभर भाईरच्या खोलीत झोपलासा." काकू वळल्या नाहीत. "तितनं मला ऐकू येत नव्हतं. श्वास हाय का न्हाय ते. म्हणून मग मी गप बसतो. हितं निदान मोजता येतंय."

सर उंबऱ्यावर उभेच होते. मी जिना चढून वर गेले.  त्या दिवशी सर दुधाला गेले नाहीत. आठ वाजता गवळ्यानंच दूध आणून दारात ठेवलं.

तपासणी झाली. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं होतं. सरांनी प्रत्येक वायर कशाची, ते लिहून घेतलं. श्वास तासाला कितीतरी वेळा अडतो असं निघालं, आणि मशिन आलं. रबरी मुखवटा नाकावर लावायचा, नळीतून रात्रभर हवा येते. सर त्याला मुसकं म्हणायचे, बैलाला लावतात ते. पहिला आठवडा त्यांनी ते मध्यरात्री काढून फेकलं. मशिनवाला ते महिन्यानं परत घेऊन पुन्हा दुसऱ्याला विकत असणार, असा त्यांना दाट संशय होता. म्हणून खालच्या बाजूला खिळ्यानं बारीक खूण करून ठेवली. पण लावत राहिले. डायरीत वेळा कमी होत गेल्या. पाचाच्या चार झाल्या, मग दोन. दोनाच्या खाली आकडा गेला नाही. डॉक्टर म्हणाल्या, या वयात एखाद-दोन वेळा उठणं काही जगावेगळं नाही. सरांनी ते दुसऱ्या डॉक्टरला विचारून खात्री करून घेतली.

काकूंचं मात्र लगेच सुधारलं नाही. मशिनचा आवाज एकसारखा, घोरणं नाही, म्हणून त्या दचकून उठायच्या. इतकी शांतता त्यांना सवयीची नव्हती. अंधारात सरांच्या छातीवर हात ठेवून बघायच्या. सरांना त्यानं जाग यायची आणि ते ओरडायचे नाहीत. हे काकूंनीच मला सांगितलं, आणि सांगताना पोरीसारख्या लाजल्या.

पुढं मी नवऱ्याकडं गोव्याला गेले. माडी दुसऱ्या कुणाला दिली. गेल्या वर्षी माहेरी निघाले होते, तर मुद्दाम वाट वाकडी करून सरांकडं गेले. सकाळचे साडेआठ झाले होते. साडेनवाची चंदगड गाडी धरायची होती. सर बाहेरच्या पायरीवर बसले होते, दार मागं ओढून घेतलेलं. मला बघितल्यावर त्यांनी आधी माझ्या चपलांकडं बघितलं आणि बोटानं खूण केली. चपला मी फाटकाशी काढल्या.

ते एवढ्या हळू बोलायला लागले की मला पुढं वाकावं लागलं. नवरा कसा आहे, मिशी ठेवली का, गोव्यात दूध कसलं मिळतं. मी काकूंना भेटायचंय म्हटलं.

"भेटा की," ते म्हणाले. "उठल्यावर."

भाजीवाली फाटकाशी येऊन ओरडणार, तोच त्यांनी उठून तिला हात केला आणि पुढच्या गल्लीत पाठवलं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा पूर्वी कॉपीवाल्यांकडं बघायचे तशा नजरेनं तिकडं बघितलं. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. मी घड्याळ बघितलं ते त्यांनी पाहिलं, पण दार उघडलं नाही. साडेनवाची गाडी मग मी सोडून दिली आणि पायरीवर त्यांच्याशेजारी बसले.

ऊन अंगणात आलं तेव्हा आतून एक आवाज यायला लागला. बारीक, संथ, ताल धरलेला. मी सरांकडं बघितलं. "काकू घोरतात?"

सर समोर रस्त्याकडं बघत राहिले. आयुष्यभर कुणाला एक मिनिट माफ न केलेला तो माणूस, चेहऱ्याची रेघसुद्धा न हलवता म्हणाला, "न्हाय. शेजारी पंप लावलाय."